भूगोलाच्या पदवीत प्राकृतिक की मानवी? दोन्ही धरून चालता येतं का?

ओहोळ

नमस्कार मंडळी. भूगोलाच्या पदवीचं दुसरं वर्ष संपत आलंय. पुढच्या वर्षी विशेष विषय निवडायचे आहेत आणि लघुप्रबंधाचा विषयही द्यायचाय. आतापर्यंत सगळं एकत्र होतं, म्हणजे सकाळी भूरूपशास्त्र आणि दुपारी लोकसंख्या भूगोल. मला दोन्ही मनापासून आवडतं आणि अडलंय ते इथेच.

वर्गात सरळ दोन गट पडलेत. प्राकृतिकवाले म्हणतात, मानवी भूगोल म्हणजे निबंध लिहिणं. मानवीवाले म्हणतात, दगडधोंडे मोजून माणसाचं काय भलं होणार? एका प्राध्यापकांनी तर स्पष्टच सांगितलं, "एक काहीतरी पक्कं धर, नाहीतर धड ना इकडची धड ना तिकडची होशील."

दोन्ही एकत्र असणं हीच या विषयाची ताकद आहे असं मला वाटतं. पण हे फक्त ऐकायला छान वाटतं, की अभ्यासात आणि कामात खरंच उपयोगी पडतं? या विषयात वर्षं घातलेल्यांनी जरूर लिहा.

अक्षवृत्त

एकच धरा.

प्राकृतिक घ्यायचं तर गणित, सांख्यिकी, थोडं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं. मानवी घ्यायचं तर अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मुलाखती घेण्याचं आणि त्या वाचण्याचं तंत्र लागतं. पदवीची वर्षं मोजकी असतात. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन बाहेर पडलेल्यांना पुढे जलशास्त्रवाले घेत नाहीत आणि नगरनियोजनवालेही घेत नाहीत. आवड दोन्हीकडे असू दे, पण हातात एक तरी कसब पक्कं हवं.

खानेसुमारी

"निबंध लिहिणं" हे वाचल्यावर राहवलं नाही.

१९५० मध्ये रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले आकडे घेतले. परदेशात जन्मलेल्या लोकांचं प्रमाण आणि निरक्षरतेचं प्रमाण यांचा संबंध त्याने राज्यवार तपासला. ज्या राज्यांत परदेशी जन्माचे लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी निघाली. सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात ते उणे एक ते अधिक एक यांत सांगणारा आकडा) सुमारे उणे ०.५३, म्हणजे चांगलाच ठळक. मग तेच त्याने माणूसवार तपासलं, तर चिन्हच उलटलं: परदेशी जन्माच्या व्यक्तींमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती, गुणांक सुमारे अधिक ०.१२. कारण स्थलांतरित लोक मुळात अशा राज्यांत जाऊन राहिले, जिथले स्थानिक लोक जास्त साक्षर होते.

राज्याच्या पातळीवरचं खरं माणसाच्या पातळीवर खोटं ठरू शकतं, हे यातून कळलं. छायाछटा नकाशा (आकड्यांप्रमाणे जिल्ह्यांना फिके-गडद रंग देणारा) रंगवून "या जिल्ह्यातले लोक असे" म्हणणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो. मानवी भूगोलाची पहिली शिस्त म्हणजे हा खड्डा ओळखणं. याला निबंध म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी तो गुणांक काढून दाखवा.

पारवा

वाचतोय. मी अजून बारावीत आहे. विद्यापीठात गेल्यावरही राजधान्या आणि नद्यांची नावं पाठ करावी लागतात का?

खानेसुमारी

@पारवा, नाही रे बाबा. नावं येत गेली तर बरंच, पण गुण त्याला नसतात. "हे इथेच का, आणि तिथे का नाही" याला गुण असतात.

जुना_नकाशा

ओहोळ, तुमच्या वर्गातले हे दोन गट तुमच्या वर्गात तयार झालेले नाहीत. ते शंभर-सव्वाशे वर्षं जुने आहेत. ते कसे पडले हे कळलं तर निवड सोपी होईल, म्हणून जरा लांबण लावतो.

१८०२ च्या जूनमध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढत होता तेव्हा ही फाळणी नव्हतीच. उंची, हवेचा दाब, तापमान, वनस्पतींचे पट्टे, कुठल्या उंचीवर कुठलं पीक निघतं, हे सगळं तो एकाच वहीत टिपत होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला निश्चयवाद आला. हवामान आणि भूमी माणसाचा स्वभाव, बुद्धी, संस्कृती ठरवतात, असं त्याचं म्हणणं. अमेरिकन भूगोलज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये हवामानावरून जगभरच्या लोकांच्या कार्यक्षमतेची उतरंड लावली. स्वतःचा प्रदेश वरच्या पायरीवर, वसाहतींतले लोक खाली. विज्ञानाच्या नावाखाली साम्राज्यशाहीची ही वकिली होती आणि तिचं नुकसान फार खोल गेलं.

फ्रान्समध्ये विडाल द ला ब्लाशने वेगळी मांडणी केली. निसर्ग शक्यता देतो, त्यातली कुठली उचलायची ते माणूस ठरवतो. बर्कलीत कार्ल सावरने १९२५ मध्ये संस्कृती भूमीला कसा आकार देते ते मांडलं. पण निश्चयवादाचा चटका इतका बसला होता की मानवी भूगोलाचे कित्येक अभ्यासक पाऊस, माती, उतार हे शब्द उच्चारायलाच कचरू लागले. इकडे प्राकृतिकवाले डेव्हिसचं क्षरणचक्र (भूमी तरुण, प्रौढ, वृद्ध अशा टप्प्यांनी झिजते ही कल्पना) सोडून बल, ऊर्जा, प्रवाह यांच्या भाषेत बोलू लागले, १९५२ मधला स्ट्रालरचा निबंध त्याची खूण आहे. दोघांची भाषाच वेगळी झाली.

त्यातच १९४८ मध्ये हार्वर्डने भूगोल गुंडाळायचा निर्णय घेतला. त्यामागे पैसा होता, व्यक्तींमधली भांडणं होती, पण "हा विषय नेमका आहे तरी काय" या प्रश्नाला बाहेरच्यांना पटेल असं उत्तर त्या वेळी देता आलं नाही, हेही होतं. तुमचा प्रश्न जवळपास तोच आहे. म्हणून तो हलक्याने घेऊ नका.

निळी_रेघ

जुना नकाशा सर, प्रतिसाद अतिशय आवडला. वाचनखूण साठवली.

गाळ_आणि_गोटे

मी नद्यांवर काम करतो, म्हणजे पक्का प्राकृतिकवाला. तरीही ओहोळच्या बाजूने लिहितोय. दोन उदाहरणं देतो, दोन्ही माझ्याच शाखेतली.

पहिलं कॅलिफोर्नियाचं. १८५० च्या दशकापासून तिथे सोन्यासाठी डोंगरउतारांवर पाण्याचे प्रचंड दाबाचे फवारे मारून अख्खे उतार धुऊन काढत. तो सगळा राडारोडा नद्यांत जायचा. खालच्या खोऱ्यात पात्रं भरून आली, पुराचं पाणी शेतात शिरायला लागलं, जमिनी गाळाखाली गेल्या. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायालयाने तसा गाळ सोडायला मनाई केली. पुढे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने या गाळाचा माग काढला, त्याचा अहवाल १९१७ चा. त्याने दाखवलं की खाणी थांबल्या तरी गाळ थांबत नाही. तो लाटेसारखा नदीतून खाली सरकत राहतो, अनेक दशकं. गाळवहनाच्या अभ्यासातल्या पायाभूत कामांपैकी हे एक. आता यातलं सोनं, शेतकरी आणि खटला काढून टाका. लाट कुठून सुरू झाली हेच सांगता येणार नाही.

दुसरं जास्त बोचरं आहे. नागमोडी वळणं घेणारी एकच नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक मातीची उंच, सपाट पूरमैदानं, हे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. ते पक्कं होण्यात अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ओढ्यांवर १९५० च्या दशकात झालेल्या मोजमापांचा मोठा हात आहे. २००८ मध्ये रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी दाखवलं की तिथल्या पुष्कळ ओढ्यांचे ते उंच, सपाट काठ नैसर्गिक पूरमैदान नव्हतेच. पाणचक्क्या चालवायला वसाहतींच्या काळापासून ओढ्यांवर बांध घातले होते. १८४० च्या जनगणनेत त्या भागात ६५,००० हून जास्त पाणचक्क्या नोंदलेल्या आहेत. बांधामागे गाळ साचला, पुढे बांध फुटले किंवा सोडून दिले गेले, आणि ओढा त्या साचलेल्या गाळात खोल उतरला. त्याआधी तिथे झाडोऱ्यातून वाहणारे छोटे छोटे फाटे आणि दलदल होती.

ज्याला आपण "निसर्ग" म्हणून मोजत होतो तो उद्योगधंद्याचा अवशेष निघाला. कळलं कशावरून? मातीचे थर वाचून, आणि जुने नकाशे आणि जनगणना वाचून. @खानेसुमारी, तुमचं नाव इथेही पोचलेलं आहे!

ज्याने मानवी भूगोल पूर्ण सोडलाय, त्याला असा बांध शोधायचं सुचणारही नाही.

अक्षवृत्त

@गाळ_आणि_गोटे, उदाहरणं जबरदस्त आहेत, पण ती माझंच म्हणणं सिद्ध करतात. गिल्बर्ट असो की वॉल्टर-मेरिट्स, आधी ते गाळ वाचणारे तज्ज्ञ होते. थर कसा ओळखायचा हे पक्कं होतं म्हणून जनगणनेचा उपयोग झाला. दोन्ही विषयांची तोंडओळख असलेल्याला यातलं काहीच सापडलं नसतं.

गाळ_आणि_गोटे

खोली हवी, हे मान्यच आहे. माझा मुद्दा क्रमाचा आहे. खोली एका ठिकाणी असावी, पण कुतूहलाची दारं आधी बंद करू नयेत. दुसऱ्या वर्षाला दार बंद केलं की पुढे ते उघडायचं आहे हेच आठवत नाही.

शिवाय कार्य काय आणि कारण काय हे आपण किती काळाचा विचार करतोय त्यावर ठरतं. शूम आणि लिख्टी या भूरूपशास्त्राच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये हे फार नेमकं मांडलंय. लाखो वर्षांच्या हिशेबात नदीचा उतार हा परिणाम असतो, हवामानाचा आणि खडकाचा. एका दिवसाच्या हिशेबात तोच उतार कारण होतो, पाणी किती वेगाने वाहणार ते तो ठरवतो. माणूसही तसाच. दहा हजार वर्षांच्या प्रश्नात त्याला बाजूला ठेवता येईल, दोनशे वर्षांच्या प्रश्नात नाही. आणि ओहोळ तिच्या लघुप्रबंधात दहा हजार वर्षांचा प्रश्न घेणार नाही.

उंचसखल

मी क्षेत्र अभ्यासाबद्दल लिहिते, कारण या धाग्यात अजून कोणी चिखलात उतरलेलं नाही.

नदीपात्रातले गोटे मोजायची वोल्मनची पद्धत आहे, १९५४ ची, साधी आणि आजही चालते. पात्रात एक एक पाऊल टाकत जायचं, बुटाच्या टोकाशी बोट खाली न्यायचं आणि ज्या गोट्याला बोट पहिल्यांदा लागेल तो उचलून त्याचा मधला अक्ष मोजायचा. असे निदान शंभर गोटे. महत्त्वाची अट: बोट खाली नेताना नजर दुसरीकडे ठेवायची. बघून उचलायला गेलं की हात आपोआप मोठ्या, देखण्या गोट्याकडे जातो आणि सरासरी फुगते.

आमच्या क्षेत्रभेटीत सकाळी हे व्हायचं आणि दुपारी त्याच नदीकाठच्या वस्तीत प्रश्नावली भरून घ्यायचो. तिथे मुलं काय करायची? जो माणूस हसून बघतोय, मोकळा बसलाय, बोलायला उत्सुक आहे, त्याच्याकडे जायची. कामाच्या घाईत असलेली बाई, दार लावून घेतलेलं घर, दिवसभर बाहेर असणारा मजूर, हे सगळे निसटायचे. नमुना पुन्हा फुगलेला. आमच्या बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून हे दाखवलं होतं. नमुना निवडताना स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, हा धडा एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी मिळाला. फक्त गोटे किंवा फक्त प्रश्नावली केली असती तर तो "त्या तंत्राचा नियम" म्हणून लक्षात राहिला असता. असा तो विचार करण्याची सवय झाला.

तरंगती वस्तू सोडून वेग मोजतानाही असंच. पृष्ठभागाचा वेग हा सगळ्या प्रवाहाचा वेग नसतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं. वरवर दिसतं ते नेहमी जरा जास्त असतं.

निळी_रेघ

+१. नजर दुसरीकडे ठेवायची अट आमच्याकडे सांगितली होती, पण का ते सांगितलं नव्हतं. आज कळलं.

मृगजळ

इथे एका गोष्टीची खंत वाटली. मानवी भूगोलाची बाजू मांडताना सगळे आकड्यांकडेच धावताहेत. जणू आकडा दाखवला तरच आपलं शास्त्र खरं. माझं क्षेत्र गुणात्मक संशोधन आहे आणि मी ते ठामपणे मांडणार.

स्वीडनच्या हेगरस्ट्रांडने १९७० मध्ये काळ-भूगोल मांडला. माणसाचा दिवस ही अवकाश आणि काळ यांतून जाणारी एक वाट आहे आणि तिच्यावर तीन प्रकारची बंधनं असतात. शरीराची आणि साधनांची: झोप हवी, वाहन आहे की नाही. जुळवणीची: दुसऱ्या माणसांच्या वेळेला तिथे हजर असावंच लागतं. आणि अधिकाराची: कुठे कधी शिरता येतं हे दुसरं कोणी ठरवतं. आता एखादी नोकरी नकाशावर तीन किलोमीटरवर आहे. पण मुलाला शाळेत सोडायची वेळ, बस सुटायची वेळ आणि हजेरीची वेळ जुळत नसेल, तर त्या आईसाठी ती नोकरी अस्तित्वातच नाही. नकाशावरचं अंतर हे सांगणार नाही. हे तिच्याशी बोलूनच कळतं. आणि एकदा कळलं की बसचं वेळापत्रक बदलता येतं.

दुसरं म्हणजे, आकडे आणि भूमिती आपोआप निष्पाप होत नाहीत. ख्रिस्टालरचा मध्यवर्ती स्थान सिद्धांत (गावं-शहरं कशी वसतात आणि त्यांची बाजारक्षेत्रं षटकोनी कशी होतात याचा) सगळे शिकतात: १९३३, दक्षिण जर्मनी, षटकोन. परीक्षेत षटकोन काढून मोकळे होतात. पण हाच ख्रिस्टालर पुढे नाझी राजवटीत व्याप्त पोलंडच्या वसाहतीकरणाच्या नियोजनात काम करत होता, आणि त्या योजना तिथल्या माणसांना हुसकून लावण्यावर उभ्या होत्या. नकाशावर कोरी जागा दिसते तेव्हा तिथे कोण राहत होतं, हा प्रश्न मानवी भूगोल विचारतो. तो विचारायला कोणीतरी हवंच.

खानेसुमारी

@मृगजळ, ताई, पूर्ण सहमत. मी आकड्यांतली असले तरी आकडा तयार कसा होतो हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. जगातले निम्म्याहून जास्त लोक आता शहरांत राहतात, हे वाक्य सगळीकडे असतं. पण "शहर" प्रत्येक देश आपापलं ठरवतो. डेन्मार्कमध्ये २०० वस्तीचं ठिकाणही नागरी धरतात, जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण ५०,००० लागतात. बेरीज करण्याआधी हे माहीत हवं.

पारवा

२०० म्हणजे आमच्या शाळेच्या प्रार्थनेला त्याहून जास्त मुलं असतात! आमचं पटांगण डेन्मार्कात शहर झालं असतं.

बिंदू_रेषा_बहुभुज

धागा आवडीने वाचतोय. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याच्या कामात, नोकरी करतो, तर तिसऱ्या बाजूने लिहितो.

हल्ली बरेच विद्यार्थी या वादातून सुटका म्हणून "मी जीआयएस आणि दूरसंवेदन (उपग्रह प्रतिमांचा अभ्यास) करणार" म्हणतात. चांगली वाट आहे, काम मिळतं. पण ती तिसरी शाखा आहे असं समजू नका. सॉफ्टवेअर शिकायला फार दिवस लागत नाहीत, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट उपग्रहांचं भांडार २००८ पासून सर्वांना खुलं आहे आणि १९७२ पासूनच्या प्रतिमा त्यात आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या प्रतिमा २०१५ पासून मिळतात. साधनं सगळ्यांकडे सारखीच आहेत. फरक पडतो तो उत्तर खोटं असेल तेव्हा ते ओळखता येतं की नाही यात.

उंचीचं प्रतिमान, म्हणजे जमिनीच्या उंच्यांचा संगणकी नकाशा, घ्या. २००० च्या फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंच्यांवर अजूनही कितीतरी कामं चालतात. त्या रडारला दाट जंगलात जमीन दिसत नाही, झाडांच्या शेंड्यांच्या आसपासची उंची मिळते. भूरूपशास्त्र शिकलेल्या माणसाला जंगलाच्या कडेवरचा तो खोटा कडा बघताक्षणी खटकतो. इतरांना तो डोंगर वाटतो. तसंच लोकसंख्येचं. सीमा बदलल्या की तेच आकडे वेगळा आकृतिबंध दाखवतात, ओपनशॉने १९८४ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. वॉर्ड कसे पाडले यावर झोपडवस्ती नकाशावर दिसेल की विरघळून जाईल हे ठरतं. मानवी भूगोल शिकलेला माणूस आधी सीमा कोणी आखली ते विचारतो.

आमच्या कामात अर्ज बघताना मी "कुठलं सॉफ्टवेअर येतं" याच्या आधी "स्वतः एखादी जागा पायी फिरून नकाशा केलाय का" हे बघतो. सांख्यिकी आणि थोडं प्रोग्रॅमिंग मात्र कुठल्याही शाखेत करूनच बाहेर पडा. यात तडजोड नाही.

पारवा

हे छान सांगितलंत. घरी "भूगोल घेऊन काय करणार" विचारतात, त्यांना हा प्रतिसाद दाखवतो.

ओहोळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. उंचसखल ताईंचा गोट्यांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला, दोन्ही गट पहिल्यांदाच एकत्र बोलले.

आता लघुप्रबंधाबद्दल. मनात असं आहे: पूर अडवायला नदीकाठाने मातीचे बंधारे, म्हणजे पूरतट, बांधले जातात. ते बांधल्यानंतर आतल्या, म्हणजे तटाने राखलेल्या बाजूला वस्ती कशी वाढली, आणि नदीचं पात्र कसं बदललं, हे दोन्ही बघायचं. प्राध्यापक म्हणाले, विषय चांगला आहे पण फार पसरट आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना_नकाशा

यापेक्षा भूगोलाचा विषय दुसरा सापडणार नाही. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइटने १९४२ मध्ये शिकागोत नेमका यावरच प्रबंध लिहिला, तो १९४५ मध्ये छापला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पूर निसर्ग आणतो, पण पुराचं नुकसान बहुतांशी माणसाच्या करणीने होतं. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, मिसिसिपीने तट फोडले होते आणि सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला होता. फक्त तटांच्या जोरावर नदी रोखता येईल, ही तेव्हाच्या अभियंत्यांची समजूत त्यात वाहून गेली. व्हाइटने प्रश्नच बदलला. नदीला कसं अडवायचं, याऐवजी माणसं पूरमैदानात राहायला का येतात आणि त्यांच्यासमोर आणखी कुठले पर्याय आहेत, असं त्याने विचारलं.

तट बांधला की छोटे पूर दिसेनासे होतात. लोकांना जागा सुरक्षित वाटते, घरं वाढतात, जमिनीचे भाव वाढतात. मग एखाद्या वर्षी तटाच्या क्षमतेबाहेरचं पाणी येतं आणि आधीपेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. यातला पाण्याचा भाग आणि माणसाचा भाग वेगळा काढूनच दाखवा!

अक्षवृत्त

इथे मी विरोध करणार नाही, विषय खरंच सुंदर आहे. पण पसरट आहे हेही खरं. एकच तट घ्या, नदीचा एकच छोटा तुकडा घ्या. आणि दोन बाजूंपैकी एक मुख्य ठेवा. उदाहरणार्थ, वस्तीची वाढ हा मुख्य प्रश्न, तिथे पूर्ण खोलीत जा, नमुना, मुलाखती, सगळं. पात्रातला बदल पार्श्वभूमी म्हणून, जुने स्थलदर्शक नकाशे आणि प्रतिमा वापरून. किंवा बरोबर उलट. दोन्ही समान वजनाने केलंत तर दोन अर्धे प्रबंध होतील.

गाळ_आणि_गोटे

अक्षवृत्त यांच्याशी पहिल्यांदाच शंभर टक्के सहमत. माझी भर एवढीच: तटाच्या आतली जमीन आणि नदीकडची जमीन यांच्या उंचीतला फरक मात्र स्वतः मोजा. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं उपकरण) विभागात असेलच. तट बांधला की गाळ फक्त नदीच्या बाजूला साचत राहतो आणि आतली बाजू तशीच राहते. काही दशकांनी वस्ती नदीकाठापेक्षा खाली गेलेली असू शकते. तसं तिथे झालंय की नाही हे एका आडव्या छेदातून (नदीपासून वस्तीपर्यंत सरळ रेषेत मोजलेल्या उंच्यांच्या आलेखातून) दिसेल, आणि तो छेद मुलाखतींच्या नकाशाशेजारी ठेवला की परीक्षकाला वेगळं काही समजावावं लागणार नाही.

मृगजळ

मुलाखतींत "पुराची भीती वाटते का" असं थेट विचारू नका, त्याला ठरलेलं उत्तर येतं. इथे राहायला कधी आलात, त्या वेळी दुसरी कुठली जागा परवडत होती, पाणी आलं तर सामान कुठे ठेवता, हे विचारा. घर स्वतःचं की भाड्याचं हे नक्की नोंदवा. भाडेकरूला आधीचा पूर माहीतच नसतो. आणि संमती घेतल्याशिवाय घराचं नेमकं ठिकाण नकाशावर टाकू नका. वस्ती अनधिकृत असेल तर तुमच्या एका बिंदूमुळे कोणाचं छप्पर जाऊ शकतं.

बिंदू_रेषा_बहुभुज

प्रतिमा निवडताना वर्षांइतकंच महिन्यांकडे लक्ष द्या. दोन्ही वर्षांच्या प्रतिमा कोरड्या ऋतूतल्या, शक्यतो एकाच महिन्यातल्या घ्या. नाहीतर एका प्रतिमेत पाणी जास्त, दुसऱ्यात कमी, आणि पात्र सरकलं असं वाटेल. लँडसॅटच्या ३० मीटरच्या चौकटीत एकेकटं घर दिसत नाही हेही ध्यानात ठेवा. वस्तीच्या कडा मिळतील, घरांची संख्या मिळणार नाही, ती जागेवर जाऊन मोजावी लागेल.

ओहोळ

ठरलं. वस्ती मुख्य, पात्र पार्श्वभूमी, आणि तटावर एक आडवा छेद. सांख्यिकी आणि नागरी भूगोल विशेष विषय म्हणून घेते, आणि भूरूपशास्त्राचं प्रात्यक्षिक सोडत नाही. @मृगजळ ताई, घराचं ठिकाण टाकायचं नसेल तर आकडे नकाशावर कसे दाखवू? गल्लीवार एकत्र केले तर चालतील का?

मृगजळ

गल्लीत घरं पुरेशी असतील तर चालतील. चार-पाचच असतील तर शेजारची गल्ली त्यात मिसळा, नाहीतर कोण ते लगेच ओळखता येतं. सीमा कशा पाडल्या ते प्रबंधात लिहा, आणि दोन वेगळ्या पद्धतींनी पाडून आकृतिबंध टिकतो का ते बघा. बिंदू यांनी वर सांगितलेली अडचण तुम्हालाही येणार आहे.